बिल्डिंग सर्व्हेइंगचं दुसरं वर्ष: जुन्या घराच्या तपासणीच्या नोंदी

ब्रिटनमधल्या आमच्या विद्यापीठात बिल्डिंग सर्व्हेइंगच्या दुसऱ्या वर्षाला एक मोठा प्रकल्प असतो. खरी इमारत घ्यायची, तिची मोजमापं करायची, दोष शोधायचे, त्यांची कारणं शोधायची आणि मालकाच्या हातात देता येईल असा अहवाल लिहायचा. आमच्या तिघांच्या गटाला मिळालं ते विद्यापीठाच्याच मालकीचं व्हिक्टोरियन काळातलं दुमजली घर. रांगेतलं शेवटचं, विटांचं, वर स्लेटचं छप्पर. पूर्वी तिथे कार्यालय होतं, आता रिकामं. सिव्हिल किंवा आर्किटेक्चर शिकून या विषयाकडे वळणाऱ्यांना कामाची कल्पना यावी म्हणून वर्षभर लिहिलेल्या नोंदी एकत्र करते आहे. बांधायला शिकलेल्या माणसाला बांधलेलं वाचायला नव्याने शिकावं लागतं, हे सुरुवातीलाच सांगते.

४ ऑक्टोबर

अजून घरात पाऊल टाकलेलं नाही. किल्ली मिळण्याआधी धोक्यांची यादी लिहून मंजूर करून घ्यावी लागते आणि त्यात सगळ्यात वर असतो ॲस्बेस्टॉस. ब्रिटनमध्ये निळ्या आणि तपकिरी ॲस्बेस्टॉसवर १९८५ मध्ये बंदी आली, पांढऱ्यावर १९९९ मध्ये. त्यामुळे २००० सालाआधीच्या कोणत्याही इमारतीत तो असू शकतो असंच धरून चालायचं. घर व्हिक्टोरियन आहे म्हणून सुटका नाही, कारण नंतरच्या डागडुजीत तो आलेला असतो. नोंदवहीत मागच्या खोलीच्या छताचा खडबडीत रंगलेप ‘ॲस्बेस्टॉस असल्याचे गृहीत’ असा लिहिला होता. म्हणजे त्या छताला हात लावायचा नाही, खरवडायचं नाही, भोक पाडायचं नाही.

माळ्यावर एकट्याने चढायचं नाही, हाही नियम. पहिली यादी परत आली, कारण आम्ही ‘काळजी घेऊ’ असं लिहिलं होतं, काय काळजी ते लिहिलं नव्हतं. यात बरेच दिवस गेले. या कागदाला वर्ग सुरू होताच हात घाला.

११ ऑक्टोबर

आज फक्त बाहेरून पाहणी. टेप काढलीच नाही.

विटांची रचना आधी बघायची. समोरच्या आणि बाजूच्या भिंतीत एकाच थरात एक लांब वीट, एक आखूड तोंड, पुन्हा लांब, पुन्हा आखूड असा फ्लेमिश बाँड आहे. आखूड तोंडं दिसतात म्हणजे भिंत बहुधा भरीव, नऊ इंची, सुमारे २२५ मिमी. मागच्या वाढीव भागात फक्त लांब विटा दिसतात, म्हणजे तिथे मध्ये पोकळी ठेवलेली भिंत असण्याची शक्यता जास्त. खिडकीच्या कडेला भिंतीची जाडी मोजून खात्री केली. या एका निरीक्षणावर पुढचं बरंच अवलंबून आहे. भरीव भिंत पावसाचं पाणी शोषते आणि कोरड्या दिवसांत बाहेर सोडते. पोकळीची भिंत ते आत पोहोचूच देत नाही. दोघींच्या ओलीची कारणं वेगळी, उपाय वेगळे.

बाजूच्या गेबलच्या, म्हणजे वर छपराच्या उतारांबरोबर त्रिकोणी होणाऱ्या, भिंतीला जोत्यापाशी गुडघ्याएवढ्या उंचीचा सिमेंटचा गिलावा मारलेला आहे. शेजारून फरसबंद पायवाट जाते. विटांच्या दरजा (मधले सांधे) मूळच्या चुन्याच्या, पण मधूनमधून सिमेंटने भरलेल्या, आणि नेमक्या त्या ठिकाणी विटांचे पापुद्रे सुटलेत. मऊ विटेभोवती कडक सिमेंट आलं की ओलावा दरजेतून बाहेर पडू शकत नाही, तो विटेतून वाट काढतो आणि थंडीत गोठला की वीट फोडतो.

१८ ऑक्टोबर

मोजमापं. एका टोकाला शून्य धरून टेप न हलवता पुढची सगळी मापं सलग वाचायची. खिडकी, भिंत, दार असं तुकड्यातुकड्याने मोजलं की प्रत्येक मापातली चूक पुढच्यात जाऊन मिळते.

तरीही मागच्या खोलीचा आराखडा मिळेना. संगणकावर काढला तर शेवटची भिंत पहिल्या भिंतीपासून ४० मिमी दूर राहत होती. कारण सापडायला दुपार गेली: एकाने लेझर खाली धरून लाकडी पट्टीपर्यंतचं अंतर घेतलं, दुसऱ्याने कंबरेच्या उंचीवर गिलाव्यापर्यंतचं. शिवाय खोली काटकोनात नाहीच, आणि आम्ही एकच कर्ण मोजला होता. दुसऱ्या फेरीत जमिनीपासून एक मीटरवर खडूची रेघ मारली, सगळी मापं त्या रेघेवर घेतली आणि प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजले. मग आराखडा बसला. लेझरचा ठिपका काचेवर पडला तर मापावर विश्वास ठेवू नका, मागे पुठ्ठा धरायला कुणाला तरी उभं करा.

२५ ऑक्टोबर

लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक मोजायचं दुर्बिणीचं यंत्र, लावून घराभोवती फेरी मारली. सुरुवातीच्या बिंदूवर परत आलो तेव्हा २३ मिमीचा फरक. चार ठिकाणी यंत्र लावलं होतं. आम्हाला शिकवलेली मर्यादा ५ गुणिले यंत्र लावलेल्या जागांच्या संख्येचं वर्गमूळ, म्हणजे १० मिमी. फेरी बाद.

आधी यंत्रावर संशय घेतला आणि दोन खुंट्यांची चाचणी केली. यंत्र ठीक निघालं. दोष स्टाफमध्ये, म्हणजे यंत्रातून वाचायच्या उभ्या मोजपट्टीत, होता. सरकवून लांब करायच्या स्टाफचा दुसरा भाग वर ओढला होता, पण खटका बसला नव्हता, आणि एका ठिकाणचं वाचन सांध्याच्या वर पडलं होतं. पुन्हा फेरी मारली, ३ मिमीत जुळली.

आता महत्त्वाचं. मागच्या कोपऱ्यात सिमेंटचा गिलावा सुटून पडलाय आणि तिथे भिंतीतला स्लेटचा ओल-रोधक थर, ज्याला इथेही साइटवर सगळे डीपीसीच म्हणतात, उघडा दिसतो. त्याची पातळी घेतली आणि ती गेबलच्या भिंतीवर पुढे नेली. पुढच्या कोपऱ्याकडे पायवाट डीपीसीच्या ६० मिमी *वर* आहे. ती किमान १५० मिमी खाली असायला हवी. फरशीवर फरशी चढवत गेल्याने जमीन वर आली, आणि वर आलेली जमीन व सिमेंटचा गिलावा मिळून पाण्याला डीपीसी ओलांडायचा रस्ता तयार झाला. दोन तास मोजमापाचा सराव म्हणून घेतलेल्या पातळ्या दोषाचा पहिला पुरावा ठरल्या.

८ नोव्हेंबर

गेबलच्या भिंतीची आतली बाजू. गिलाव्याला पोपडे, खाली लोणा, रंग सुटलेला. ओल मोजायचं दोन सुयांचं यंत्र जिथे टेकवलं तिथे लाल. इमारतीच्या फाइलमध्ये ओलीवर उपचार करणाऱ्या एका कंपनीचा जुना अहवाल आहे. त्यात एकच निदान: जमिनीतून चढणारी ओल. उपाय: भिंतीत भोकं पाडून रसायन भरा, गिलावा काढून नवा करा. आमची वाचनं पाहून आमचा निष्कर्षही तोच निघत होता.

ट्यूटरनी विचारलं, हे यंत्र नेमकं काय मोजतं? ते मोजतं दोन सुयांमधला विजेचा रोध. त्यावरचे टक्के लाकडासाठी बेतलेले असतात. लाकडात वाचन २० टक्क्यांच्या वर गेलं तर कुजण्याचा धोका, असं म्हणता येतं. विटेवर आणि गिलाव्यावर तोच आकडा फक्त तुलनेला उपयोगी: इथे जास्त, तिथे कमी. शिवाय क्षारांतून वीज वाहते, भिंतीच्या कागदामागच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यातून वाहते, जुन्या गिलाव्यात कालवलेल्या राखेतूनही वाहते. भिंत कोरडी असली तरी यंत्र लाल दाखवू शकतं.

मग भिंतीवर ३०० मिमीची जाळी आखली, प्रत्येक छेदावर वाचन घेतलं आणि समान वाचनांच्या रेषा काढल्या. चित्र बदललं. जमिनीतून चढणारी ओल भिंतीच्या लांबीभर साधारण सारख्या उंचीला थांबते आणि मीटर-दीड मीटरच्या वर सहसा जात नाही. आमच्या भिंतीत खाली एक पट्टा आहे, तो पुढच्या कोपऱ्याकडे जाताना रुंद होतो आणि कोपऱ्यात थेट वरच्या मजल्याच्या तुळयांपर्यंत चढतो. जमिनीतलं पाणी तिथवर पोहोचत नाही.

वाचनं नुसती वहीत ओळीने लिहिली असती तर हे कधीच दिसलं नसतं. जाळी आखा.

१५ नोव्हेंबर

हवेतला ओलावा भिंतीवर धरतोय का ते तपासतोय. २० अंश सेल्सिअस आणि ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा सुमारे १२ अंशांच्या पृष्ठभागावर पाणी सोडते. नोंदी घेणारी छोटी यंत्रं दोन खोल्यांत ठेवून दिली. कपाटामागच्या उत्तरेच्या भिंतीवर काळी बुरशी आहे, तिथे हेच कारण दिसतंय. गेबलच्या भिंतीचा पृष्ठभाग मात्र दवबिंदूच्या खाली गेलेला नाही. त्या भिंतीसाठी हे कारण वगळलं.

२२ नोव्हेंबर

आज मुद्दाम जोराच्या पावसात गेलो.

पुढच्या कोपऱ्यात बिडाचा पावसाळी नळ आहे, पन्हळीपासून जमिनीपर्यंत. समोरून रंगवलेला, धडधाकट. पण तो भिंतीला इतका चिकटून आहे की मागच्या बाजूला ब्रश कधी पोहोचलाच नसणार. दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला दांडीचा आरसा आणि बॅटरी घेऊन मागे पाहिलं: गंजून उभी फट पडलेली, दोन कड्यांच्या मध्ये, आणि पाणी सरळ विटांवर ओघळतंय. मागच्या महिन्यात कोरड्या दिवशी आम्ही याच नळाची नोंद ‘सुस्थितीत’ अशी केली होती. ती नोंद आज तारखेसह दुरुस्त केली, खोडली नाही. आधी काय दिसलं आणि नंतर काय सापडलं, दोन्ही फाइलमध्ये राहिलं पाहिजे.

म्हणजे एका भिंतीला पाण्याच्या दोन वाटा: खालून पायवाटेची, कोपऱ्यातून नळाची. जुन्या अहवालातलं रसायन भरून यातली एकही बंद झाली नसती.

६ डिसेंबर

पुराव्याला आकडे हवेत म्हणून भिंतीतून नमुने काढायची परवानगी घेतली. पद्धत जुनी आणि भरवशाची: नमुना वजन करायचा, १०५ अंशांच्या भट्टीत सुकवायचा, पुन्हा वजन करायचा. त्याआधी तो ७५ टक्के आर्द्रतेच्या बंद डब्यात ठेवून हवेतून किती पाणी ओढतो तेही बघायचं. हवेतून ओढलेलं वजा केलं की बाहेरून आलेलं पाणी उरतं. बीआरई या ब्रिटनमधल्या इमारत-संशोधन संस्थेच्या डायजेस्ट (मार्गदर्शक पुस्तिका) २४५ मध्ये ही रीत दिलेली आहे.

पहिली खेप वाया गेली, दोन कारणांनी. ड्रिल वेगाने चालवल्यामुळे पातं तापलं आणि पाणी तिथेच उडून गेलं. दुसरं कारण जास्त शिकवणारं: काही नमुने गिलाव्याचे होते आणि गिलावा जिप्समचा. १०५ अंशांवर जिप्सममध्ये रासायनिक बांधलेलं पाणीही सुटतं, त्यामुळे कोरडा गिलावासुद्धा ओलाचिंब ठरतो. दुसऱ्या खेपेला फक्त दरजेतला चुना घेतला. धारदार पातं, सावकाश वेग, पृष्ठभागाजवळचा भुगा टाकून दिला, खोलातला लगेच बाटलीत बंद केला.

निकाल: खालच्या थरांत आणि कोपऱ्यात खरं पाणी. मधल्या भागात कमरेच्या उंचीवर मात्र पाणी थोडं आणि क्षार भरपूर. यंत्र तिथेही तितकंच लाल होतं.

१७ जानेवारी

मागचा वाढीव भाग जिथे मूळ घराला जोडलाय तिथे उभा तडा आहे. वर ३ मिमी, खाली येता येता केसाएवढा. बीआरईच्या डायजेस्ट २५१ प्रमाणे ५ मिमीपर्यंतचा तडा दुसऱ्या वर्गात येतो. ते वर्गीकरण दुरुस्ती किती सोपी-अवघड यावर आधारलेलं आहे, कारण काय यावर नाही. वर रुंद, खाली अरुंद, म्हणजे वाढीव भाग बाहेरच्या दिशेने कलतोय. जमीन चिकणमातीची आणि त्याच कोपऱ्यातून सांडपाण्याचा नळ जातो. उथळ पाया, चिकणमातीचं आकुंचन, गळका नळ, यांपैकी कोणतं, हे एका भेटीत ठरवता येणार नाही.

म्हणून तड्याच्या दोन्ही बाजूंना पितळी खुणा चिकटवून कॅलिपरने अंतर मोजायचं ठरवलं. थंडीत रेझिन धरेना, एक खूण गळून पडली. त्या तापमानाला चालणारं रेझिन मागवेपर्यंत वेळ गेला. चिकणमाती उन्हाळ्यात आकसते, हिवाळ्यात फुगते, त्यामुळे निदान एक पूर्ण वर्ष वाचनं हवीत. आमच्याकडे तेवढं वर्ष नाही.

७ फेब्रुवारी

माळा. वासे ठीक, काही स्लेटचे खिळे गंजून स्लेट घसरलेल्या. उष्णतारोधक लोकर छताच्या कडेपर्यंत कोंबल्याने हवेची वाट बुजलेली. पण मोठी गोष्ट वेगळी: शेजारच्या घराबरोबरची सामाईक भिंत माळ्यात पूर्ण बांधलेलीच नाही, आढ्याखाली मोकळी जागा आहे. एका घरात आग लागली तर धूर आणि ज्वाळा थेट दुसऱ्याच्या माळ्यात. त्या काळच्या रांगेतल्या घरांत हे सर्रास आढळतं. माझं लक्ष महिनोन्‌महिने ओलीत गुंतलं होतं. या घरातला सगळ्यात तातडीचा दोष मात्र कोरड्या माळ्यात होता.

२८ फेब्रुवारी

अहवालाचा पहिला मसुदा लाल शाईने भरून परत आला. या वर्षात सर्वांत जास्त मी याच आठवड्यात शिकले, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं वाक्य होतं: ‘गेबलच्या भिंतीला ओल असून ती दुरुस्त करणे आवश्यक आहे.’ शेरा: पाहिलं काय, अनुमान काय, आणि मालकाने सोमवारी सकाळी करायचं काय? नवं वाक्य असं झालं: ‘गेबलच्या भिंतीच्या आतील गिलाव्याला पोपडे व क्षार दिसले. बाहेरील पायवाट डीपीसीच्या ६० मिमीपर्यंत वर असल्याचे पातळी घेऊन आढळले. पुढील कोपऱ्यातील बिडाच्या नळाला मागून फट असून पावसात त्यातून पाणी भिंतीवर जाताना पाहिले. आमच्या मते ओलीची ही दोन मुख्य कारणे आहेत. आधी नळ बदलावा.’ ‘दिसले’, ‘आढळले’ आणि ‘आमच्या मते’ हे शब्द आपापल्या जागी हवेत. पुढे कधी वाद झाला तर सर्व्हेयरची जबाबदारी या शब्दांवर मोजली जाते.

दुसरा शेरा न पाहिलेल्या भागांबद्दल. गालिच्याखालच्या फळ्या उचलल्या नव्हत्या, तुळयांची भिंतीत गेलेली टोकं पाहता आली नव्हती. मसुद्यात त्यावर अवाक्षर नव्हतं. ओल्या भिंतीत टोकं गेलेल्या लाकडी तुळया कुजलेल्या असू शकतात, आणि ते तपासलेलं नाही हे लिहिणं हाच तिथला निष्कर्ष. सगळीकडे गुळगुळीत ‘शक्य तेवढी पाहणी केली’ असं लिहून भागत नाही. कोणता भाग, का दिसला नाही, त्यामुळे कोणता धोका उरतो, हे हवं.

दोषांना १, २, ३ अशी श्रेणी द्यायची असते. ३ म्हणजे गंभीर किंवा तातडीचं. आम्ही जवळजवळ प्रत्येक गोष्टीला ३ दिली होती. आता ३ मध्ये माळ्यातली सामाईक भिंत आणि फुटलेला नळ. पायवाट आणि तडा २ मध्ये. तड्याला २ देताना आमच्या गटात बराच वाद झाला. ‘निरीक्षण चालू ठेवा’ एवढ्या स्पष्ट सूचनेसह ती श्रेणी मान्य झाली.

पदवीनंतर आरआयसीएस या सर्व्हेयरांच्या व्यावसायिक संस्थेचं चार्टर्ड सभासदत्व हवं असेल तर आमच्यासारख्या नव्या पदवीधरांना किमान २४ महिने नोकरी करत प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि कामाची रोजनिशी ठेवावी लागते. नोंदींची सवय आत्ताच लावून घ्या.

२१ मार्च

उपायांचा क्रम. आधी नळ बदलायचा, मग पायवाट डीपीसीखाली १५० मिमीपर्यंत खोदायची, मग जोत्याचा सिमेंटचा गिलावा काढायचा. आतला क्षार धरलेला गिलावा काढून भिंत उघडी ठेवायची. भरीव भिंत साधारण इंचाला महिना या वेगाने सुकते असा जुना ठोकताळा आहे, म्हणजे नऊ इंचांना नऊ महिने धरावेत. त्याआधी नवा गिलावा केला तर पैसे वाया. नंतरचा गिलावा चुन्याचा.

वेळापत्रकात आम्ही सगळं एका उन्हाळ्यात बसवलं होतं. सुकण्याचा काळ धरल्यावर ते पुढच्या वर्षात गेलं.

माळ्यातली भिंत पूर्ण करायची तर ती सामाईक आहे, त्यामुळे १९९६ च्या पार्टी वॉल कायद्याखाली शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागेल. ती मालकाच्या नावाने जाते. श्रेणी ३ चं काम असल्याने तोवर शेजाऱ्यांना धोक्याची तोंडी कल्पना लगेच द्या, असं अहवालात घातलं.

९ मे

सादरीकरण झालं. विद्यापीठाच्या मालमत्ता विभागाने नळ बदलून घेतलाय. कोपऱ्यातली वाचनं पुन्हा घेतली: यंत्र अजून लालच दाखवतंय, क्षार तिथेच आहेत ना. दरजेतल्या चुन्याच्या नव्या नमुन्यात पाणी मात्र घटलंय. पायवाटेचं काम बाकी.

तड्याची वाचनं पुढच्या तुकडीकडे सोपवली. जानेवारीपासून बदल ०.२ मिमीच्या आत आहे, पण उन्हाळा अजून यायचाय. त्यांच्यासाठी तक्त्यावर लिहून ठेवलंय: कॅलिपर प्रत्येक वेळी ठरावीक लांबीच्या पट्टीवर तपासून घ्या, हवेचं तापमान लिहा, आणि खालची खूण क्रमांक ३ नव्या रेझिनने बसवलेली असल्यामुळे तिची वाचनं १४ फेब्रुवारीपासूनच धरा.